डाव्या हातातली सायकल

उद्या उजाडायच्या आत नदीकाठाने सायकली काढणार म्हणता. काढा की. मी कशाला आडवा येऊ? वाट साधी आहे. मातीची, मध्ये थोडी खडी, एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला शेतं. सबंध वाटेत चढ म्हणावा असा एकच. तुमच्या या जाड टायरच्या, गिअरवाल्या सायकलींना तर तो पोरखेळ वाटेल. माझं एकच सांगणं आहे. वाटेत कुणाची सायकल मोडली, तर ती तिथेच कुणाच्या तरी दारात ठेवून या. अंधार पडल्यावर हाताने धरून आणू नका.

हसलात? हसा. भुताच्या गोष्टी मलाही आवडत नाहीत. सांगणारे बहुतेक रात्री स्वतःच्या अंगणातसुद्धा एकटे जात नाहीत, आणि आव आणतात स्मशानात झोपल्याचा. पण हे घडलेलं आहे. आपल्या सायकल मिस्त्रीच्या बाबतीत घडलं. मी तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. यातला शेवट माझ्या डोळ्यांदेखत झाला. बाकीचं त्याने मला एकदा सांगितलं, आणि वर म्हणाला, पुन्हा विचारू नका.

मिस्त्रीला एकच मुलगी. नाव काहीही असो, सगळे तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरलेली कुणी पाहिलीच नव्हती. बापाने जुने सुटे भाग जमवून तिच्या मापाची सायकल बांधली होती, जाड टायर, पुढे शॉकअप, सगळं अगदी मोठ्यांसारखं. सुट्टीच्या दिवशी दोघं बापलेक नदीकाठाने फिरायला जायचे. परतताना ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला, शेताच्या बाजूने. नदीच्या बाजूने तो. चढ आला की हा डावा हात तिच्या पाठीवर ठेवायचा आणि स्वतः पॅडल मारता मारता तिला वर ढकलायचा. दिवसभर चाकं फिरवणारा हात तो, त्याला काय जड?

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार होता. अमावास्येची रात्र. दुपारी भिंगरी बापाशिवाय, मैत्रिणींबरोबर गेली, आणि चढाच्या पलीकडे जिथे वाट खाली नदीकडे उतरते, तिथल्या बुटक्या फरशी-पुलावरून नदीपार जायला निघाली. फरशीवरून पाणी वाहत होतं, खाली शेवाळं. चाक सरकलं. जवळच्या पंपघरातल्या माणसाने आरडाओरडा ऐकला म्हणून वाचली. त्याने तिला पाण्यातून काढलं आणि मोपेडवरून घरी आणून सोडलं. सायकल पंपघरातच राहिली, तिची चेन तुटली होती.

संध्याकाळी तिला ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी येऊन इंजेक्शन दिलं. म्हणाल्या, "नाकातोंडात पाणी गेलंय. आज रात्री हिच्या श्वासाकडे लक्ष ठेवा. जरा वेगळं वाटलं तर लगेच फोन करा."

पोरगी मात्र तापात एकच घोकत होती.

"बाबा, माझी सायकल तिथेच राहिली."

"राहू दे गं. सकाळी आणतो."

"ती एकटी आहे तिथे. तू आण ना."

आता आजारी पोराला काय समजावणार? बायको म्हणाली, "अहो, जाऊन या पटकन. तेवढाच तिच्या जिवाला आराम पडेल. मी आहे इथे." खरं सांगायचं तर त्यालाही घर खायला उठलं होतं. हाताला काम नसलं की मिस्त्री माणूस अर्धमेला होतो. फोन त्याने बायकोपाशी ठेवला, डॉक्टरीणबाईंना लावायला लागला तर असावा म्हणून, आणि आपली सायकल काढली.

जाताना काही झालं नाही. पंपघरातला माणूस जेवायला बसत होता. मिस्त्रीने दिव्याखाली चेनची कडी जोडली, चाक फिरवून पाहिलं.

"सकाळी न्या की," पंपवाला म्हणाला. "रात्रीच्या दोन-दोन सायकली कशा नेणार?"

"हात पण दोन आहेत की."

पंपवाला हसला नाही. ताटाकडे बघत म्हणाला, "पोरगी बरी आहे ना?"

"ताप आहे. उतरेल."

"काढली तेव्हा बराच वेळ काही बोललीच नाही हो. डोळे उघडे होते, पण..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "जा तुम्ही. जपून जा."

आता दोन सायकली एकट्याने कशा आणतात ते तुम्ही दुकानांपाशी पाहिलं असेल. आपल्या सायकलवर बसायचं, एक हात आपल्या हँडलवर, दुसऱ्या हाताने शेजारच्या सायकलचं हँडल मधोमध धरायचं. सवयीचं काम आहे. उजव्या हाताला नदी, डाव्या हातात भिंगरीची सायकल. पुढे दिव्याचा एवढासा उजेड, बाकी काळोख. आणि रिकाम्या सायकलीच्या मागच्या चाकाचा आवाज. कट कट कट कट. फ्रीव्हीलचा. हा आवाज नीट लक्षात घ्या. सायकल नुसती घरंगळत असली की तो वाजतो. कुणी पॅडल मारायला लागलं की बंद होतो.

मिस्त्रीला तो आवाज बरा वाटत होता, सोबत असल्यासारखा. मनात पोरीचाच विचार. पंपवाला अर्धं बोलून गप्प का झाला? ताप उतरला असेल का? श्वास नीट चालला असेल ना?

फरशीकडे उतरणारी वाट मागे पडली. चढ सुरू व्हायच्या जरा आधी त्याच्या लक्षात आलं, की कटकट ऐकू येत नाहीये.

त्याला वाटलं, माती अडकली असेल. कान दिला. पुन्हा वाजली, कट कट... आणि थांबली. मग पुन्हा थोडी. मग एकदम बंद. अशीच असते ती भिंगरीची चाल. दोन पॅडल मारायची, घरंगळायचं, दोन पॅडल मारायची.

पण मिस्त्री तो. म्हणाला, मीच घाईत चेन आवळून बसवली असणार. घरी जाऊन बघू.

चढ लागला.

इथे त्याच्या हातून जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. डोक्यात पोरीचा विचार होता. चढ तोच होता. डावीकडे तीच सायकल. त्याने सवयीने हँडल सोडलं, आणि डावा हात उचलून पाठीवर ठेवला.

पाठ होती.

ओली. थंडगार. कपडा अंगाला चिकटलेला. त्याखाली मणक्याची हाडं लागत होती... एवढीशी पाठ. त्याच्या पंज्यात मावणारी.

त्याने मान वळवली नाही. तुम्ही म्हणाल, बघायला हवं होतं. मला तो म्हणाला, "कंपाउंडर, बघितलं असतं आणि तिथे कुणी नसतं, तर मी काय केलं असतं? आणि असतं, तर...?"

पाय चालू होते त्याचे. शेजारचे पायही चालू होते. टायरखाली खडी वाजत होती, दोन्ही सायकलींच्या.

"भिंगरे?"

काही नाही.

"भिंगरे... तू घरी आहेस ना?"

पाठ थरथरली. तेवढंच.

मग ती सायकल त्याच्याकडे कलायला लागली. उजवीकडे. नदीकडे. आधी जराशी. मग जोरात. तिचं हँडल त्याच्या हँडलला घासलं. त्याचं पुढचं चाक वाटेच्या कडेला गेलं, माती सुटली आणि खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला. तिला परत मागे, खाली, फरशीकडे जायचं होतं... का कुणी नेत होतं, देव जाणे.

मिस्त्रीला भीती वाटली, खूप वाटली, हे त्याने माझ्यापासून लपवलं नाही. पण त्या भीतीच्या तळाशी त्याला एक गोष्ट लख्ख कळली. आपण आत्ता हात काढला, तर ही पाठ पुन्हा हाताला लागणार नाही. इथेही नाही आणि घरीही नाही.

त्याने सगळा भार डावीकडे टाकला. खांद्याने रेटलं. आणि दर सुट्टीला या चढावर तो जे बोलायचा, तेच बोलत राहिला.

"खाली बघू नकोस. समोर बघ. मी आहे. पाय थांबवू नकोस, बाळा. समोर बघ."

सायकल सरळ झाली.

चढ संपला. तो ढकलत राहिला. पुढे सपाट वाट, तरी ढकलत राहिला. दंड भरून आला. हाताखालची पाठ कधी जड व्हायची, कधी इतकी हलकी, की त्याला बोटं आवळावी लागत. तो बोलायचा थांबला की कट कट सुरू व्हायची. बोलला की बंद व्हायची. शेवटी घसा बसला, तरी नुसतं "समोर बघ, समोर बघ"...

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पहिला दिवा आहे. त्या उजेडात चाक आलं, आणि हाताखालची पाठ गेली. हात हवेत राहिला. सायकल खणकन आडवी पडली. त्याने मागे पाहिलंच नाही. स्वतःची सायकलही तिथेच टाकून तो धावत सुटला.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं.

आम्ही तोवर त्याच्या घरात होतो. त्याच्या बायकोचा फोन आला होता, पोरगी गार पडलीये म्हणून. डॉक्टरीणबाई पलंगावर गुडघे टेकून पोरीची छाती दाबत होत्या. मी नाडी धरून बसलो होतो, आणि मला नाडी लागत नव्हती. खोटं कशाला सांगू, मी आशा सोडली होती. आई भिंतीला टेकून उभी होती, ती रडतही नव्हती. डॉक्टरीणबाई दमल्या होत्या तरी थांबत नव्हत्या.

बाहेर काहीतरी खणकन पडलं.

आणि पोरीने श्वास घेतला. पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा, लांब. मग दुसरा. माझ्या बोटाखाली नाडी उडायला लागली.

तेवढ्यात मिस्त्री दारात. पोरीने डोळे उघडले, बापाकडे पाहिलं. तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आईलाही मग रडू फुटलं. मला काय झालं ते विचारू नका.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला कुशीवर घ्या. मागून छाती तपासते."

मी तिला वळवलं. आईने संध्याकाळीच तिचं अंग पुसून धुतलेला सदरा घातला होता, पांढरा स्वच्छ. तो वर केला. डॉक्टरीणबाईंचा नळी धरलेला हात तसाच राहिला.

उघड्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पंजा उमटला होता. काळा. पाची बोटं. मोठ्या माणसाच्या डाव्या हाताचा. सदऱ्यावर कुठे डाग नाही, आतूनही नाही.

मिस्त्री उठून आला. त्याने आपला डावा हात त्या पंज्यावर ठेवला. बोटावर बोट बसलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे स्पिरिटचा बोळा दिला. मी पुसलं ते. वास घेऊन पाहिला, चेनचं ग्रीस होतं. चार बोळे लागले.