डाव्या टोकाची जागा

१९३१ साली उदई नदीकाठची आमची मिशनची शाळा म्हणजे कुडाच्या भिंती, सागाच्या पानांचं छप्पर, एक फळा आणि एकोणीस मुलं. मास्तर मी एकटाच. भित्रा, पुस्तकात तोंड घालून बसणारा. नगरहून इतक्या लांब मलाच का पाठवलं, ते मला कधी कळलं नाही. पण ती शाळा सोडली तर मी आयुष्यात दुसरं काही उभं केलेलं नाही.

चैत्रात नंदुरबारहून मिशनच्या साहेबांची चिठ्ठी आली. पंधरवड्यानं तपासणी. वीस मुलं आणि निदान एक बाक नसेल, तर शाळा बंद.

विसाव्या मुलासाठी मी कारभारी दलसिंगकडे गेलो. डोंगरात सगळ्यांना 'तू'च म्हणतात.

"पोरगा तुला दिला तर गुरं कोण राखेल?" तो म्हणाला. "तुझा येशू मेंढरं राखतो म्हणतोस ना? मग त्याला पाठव माझ्याकडे."

सगळे हसले. मी परत आलो.

बाकाचंही तसंच. जंगलखात्याच्या धाकानं सागाला कोणी हात लावेना. नदीकाठी मात्र एक खांब आडवा पडला होता. शाळेशेजारी राहणाऱ्या फुलीबाईची मुलगी रमिला तीन वर्षांपूर्वी डोहात बुडाली होती. हा खांब तिच्याच नावानं उभा पुरलेला. त्यावर सूर्य, चंद्र आणि एक वेणीवाली बाहुली कोरलेली होती. गावची चाल मला ठाऊक होती. असा खांब पडला की उचलायचा नाही. तो मातीत कुजून गेला, की माणूस सुटलं.

फुलीबाई तेव्हा मजुरीला तापीकाठी गेली होती. मी खांब नेला. लाकूड ते लाकूड, असं मनाला सांगितलं.

तळोद्याहून आलेला लोटन सुतार रंधा हातात घेऊन थांबला. "हाई लाकूड कोनं शे, मास्तर?"

"नदीचं," मी म्हणालो.

त्यानं बाहुलीवर रंधा फिरवला. बाक झाल्यावर मात्र तो हसला. "पाय जरा आत लागी ग्यात. एकलं माणूस काठवर बसनं, तं दुसरं टोक वर उठी! सायबले मझार बसाडा."

मी टोकाला बसून पाहिलं आणि आपटलो; साहेबांना मधोमधच बसवायचं, हे पटलं. मुलं दिवसभर हसत होती.

दुसऱ्या दिवशी मोठी चार मुलं बाकावर बसली. खिडकीकडचं डावं टोक त्यांनी मोकळं सोडलं.

"तिकडे सरका," मी म्हणालो.

"कुठे सरकू?" करणसिंग म्हणाला. "जागा नाही."

त्याच्या आवाजात भीती नव्हती. समोर दिसतं ते सांगावं, तसं त्यानं सांगितलं.

शाळा सुटल्यावर मी बाकावरून हात फिरवला. डावं टोक ओलं होतं. बाहेर चैत्राचं ऊन, नदीत घोटाभर पाणी. बोटांना शेवाळाचा वास येत राहिला.

साहेब आले. घाम पुसत त्यांनी बोटानं मुलं मोजली. मीही मनात मोजत होतो. एकोणीस.

"वीस," साहेब म्हणाले. "खाली पंधरा, बाकावर पाच. ठीक."

बाकावर चारच होते. मी तोंड उघडलं. मग मिटलं.

घोड्यावर बसताना ते म्हणाले, "मास्तर, त्या मुलीचे केस पुसा. सर्दी होईल."

शाळेत मुलगी एकही नव्हती.

आठवड्यानं फुलीबाई परतली. ती दारातच उभी राहिली, बाकाकडे बघत.

"सुकत नाही ना?" तिनं विचारलं.

मी फळा पुसू लागलो.

"मास्तर, तिला नदीवर ठेवून ये. जाऊ दे तिला."

"पावसाळ्यानंतर," मी म्हणालो.

पावसाळ्यानंतर पुढची तपासणी डोळ्यांपुढे आली. मुलं अजून एकोणीसच होती. फुलीबाई दरवर्षी विचारायची, मी दरवर्षी काहीतरी सांगायचो. मग ती विचारायची थांबली, आणि एका उन्हाळ्यात वारली. अकरा वर्षांत साहेब तीन बदलले. माझे एकोणीस, त्यांचे वीस. करणसिंग जंगलखात्याचे कागद गावाला वाचून दाखवू लागला, एवढंच समाधान. ते पुरतं की नाही, मला ठरवता येत नाही.

शाळा शेवटी बंदच झाली. बाक मी खांडबाऱ्याला माझ्या घरी आणला. नदीवर न्यायची ताकद आता उरली नाही, असं विचारणाऱ्याला सांगतो. विचारणारं कोणी नाही.

घरात मी एकटा असतो.

रोज सकाळी उजव्या टोकाला बसून लिहितो. बाक कधी कलंडला नाही.

हल्ली मात्र माझंच टोक जरासं वर उठतं. आधी वाटलं, मी वाळलो म्हणून.

पण रमिला बुडाली तेव्हा नऊ वर्षांची होती. आता मोठी झाली असेल.

हे लिहिताना माझे पाय जमिनीला टेकत नाहीत.