मोठ्या भोकांचा शॉवर

साल १९७३. दुष्काळानं ऊस वाळला होता आणि श्रीगोंद्याजवळच्या त्या साखर कारखान्याचा हंगाम जानेवारीतच आटोपणार होता. मनकर्णाला धास्ती होती ती त्याचीच. चार वर्षांच्या भागूचा डावा पाय तापात लुळा पडला होता. रोज अर्धा तास ऊन पाण्याची धार धरा, पाय उठला तर त्यानंच उठेल, असं नगरचे डॉक्टर म्हणाले होते. एवढं पाणी तापवायला सरपण कुठलं? कारखान्याचं वाया जाणारं गरम पाणी पाइपातून कामगारांच्या खोल्यांत यायचं, तेही हंगाम चालेल तोवरच. येईपर्यंत ते कोमट व्हायचं.

तिचा नवरा सूर्यभान तिथंच फिटर. त्यानं बारीक भोकांचा नवाकोरा शॉवर बसवला. पाणी भुरभुरत खाली येईतो गार. भागू कुडकुडली.

"पोरीला न्हाऊ घालतूस का दव शिंपतूस?" सासूबाई, गोजरबाई, म्हणाल्या.

"कोमट पान्याला मोठी भोकं लागत्यात, आये. अन् खाली टांगाया लागतंय."

त्यानं भंगारातून एक काळवंडलेला पितळी शॉवर आणला आणि हातभर खाली टांगला.

"कुनाच्या घरचा हाय वो?" मनकर्णानं विचारलं.

"भंगाराला कुटलं आलंय घर?"

आता पाणी जाड धारेनं, उबदार पडू लागलं. त्याला मळीचा आंबूस वास यायचा. तिसऱ्या दुपारी मनकर्णा साबण घ्यायला वळली आणि पाण्याचा आवाज बदलला. फरशीवर पडणारं पाणी वेगळं वाजतं, माणसाच्या पाठीवर पडणारं वेगळं. तिनं मागं पाहिलं. भागू धारेपासून लांब, कोपऱ्यात बसून हसत होती.

धारेखाली कुणी नव्हतं.

चार दिवसांनी कारखाना बंद झाला. भोंगा नाही, धूर नाही. मनकर्णानं सवयीनं शॉवरची चावी फिरवली. पाणी आलं, आधीपेक्षा ऊन.

सूर्यभाननं पाइप चाचपला. पाइप थंडगार होता.

"काढून टाकतो ह्यो," तो हळूच म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. आज तिनं त्या पायाचा अंगठा हालवलाय."

दुसऱ्या दिवशी मनकर्णा मोरीच्या दारात आली.

भागू उभी होती.

तिचा एक हात वर होता, मूठ कशावर तरी घट्ट मिटलेली. शेजारी, बाईमाणसाच्या खांद्याच्या उंचीवर, पाणी हवेतच फुटून ओघळत होतं.

"आई, तू जा," भागू म्हणाली. "हिनं धरलंय मला."

मनकर्णा एक पाऊल मागं सरली. मग तिनं दार बाहेरून ओढून घेतलं.

आठवड्यात भागू भिंत सोडून चालली. त्याच दिवशी पाणी आटलं.

गोजरबाई दोन वर्षांनी वारल्या. पोरीचा पाय कसा उठला, हे त्यांनी सुनेला कधी विचारलं नाही. सूर्यभाननं तो शॉवर स्वतः ठोकून चपटा केला आणि पुढं जन्मभर दुसऱ्यांच्या घरी शॉवर बसवले, आपल्या घरी एकही नाही. तोही गेला. भागू शिर्डीला शाळेत बाई झाली. लग्न केलं नाही. थकलेली मनकर्णा आता तिच्याकडंच राहते. भागू रोज आंघोळीला जाताना दोन टॉवेल नेते, आणि मनकर्णा दोन्ही ओले टॉवेल दोरीवर वाळत घालते.