येसूबाईची कळशी

हे घडलेलं आहे. कुणाला पटवायला मी बसलेली नाही. पटलं तर ठीक, नाही पटलं तर तुमची झोप शाबूत राहील, तेवढंच पुण्य.

भुतं रात्रीच येतात असं ज्याने कुणी ठरवलं, त्याने आमच्याकडची वैशाखातली दुपार पाहिलेली नाही.

दोन हजार चोवीस साल. अक्षय तृतीयेनंतरचा मंगळवार. तारापूर, चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची वाडी. दुपारचे साडेबारा.

आणि जिच्यासमोर हे घडलं ती माझी मावसबहीण, मंदा.

मंदाला जुन्या भांड्यांचं वेड. बोईसरला इमारती उठल्या, लोक फ्लॅटमध्ये गेले आणि जाताना तांब्यापितळेचं सगळं भंगारात देऊन गेले. मंदा कुंभवलीच्या भंगारवाल्याकडे जाऊन ते शोधून आणायची. चिंचेने घासायची आणि त्यात झाडं लावायची. घंगाळात कमळ, बंबात नेचा, फुटक्या तपेल्यात ओवा. चिकूच्या सावलीत सगळी रांग मांडलेली. तिचा नवरा, आमचे बळवंतभावोजी म्हणायचे, "एक दिवस ही मलाही चिंच लावून घासेल आणि डोक्यात तुळस लावेल."

तिला मूलबाळ नाही. संध्याकाळी पाइपने पाणी घालताना ती त्या भांड्यांशी बोलायची. एवढंच तिचं सुख. वाईट काय होतं त्यात?

फक्त एक भांडं तिला मिळत नव्हतं.

तिच्या आईची, म्हणजे माझ्या येसूमावशीची तांब्याची कळशी. लग्नात मामाने दिलेली. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं... 'सौ. येसूबाई हिस मामांकडून. १९५९.'

मावशी सफाळ्याला मंदाच्या भावाकडे, नीलेशकडे असायची. ब्याऐंशी वय, अंथरुणाला खिळलेली. अक्षय तृतीयेला मंदा भेटायला गेली, तर नीलेशच्या बायकोने, रूपलने, सगळी जुनी भांडी गोणीत भरून ओट्यावर ठेवलेली. घरात पाण्याचा फिल्टर आला होता ना!

मंदाने गोणीत हात घालून कळशी बाहेर काढली.

"माझी कळशी कुठं नेतेस गं?" मावशी खाटेवरून म्हणाली.

"इथे राहिली तर भंगारात जाईल, आई."

"मी हाय तवर घरात असू दे. मग ने."

"तुला नाही कळत त्यातलं."

मावशीने कळशीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "बरं ने. पण रिकामी नको नेऊ. चूळभर पाणी तरी घाल तिच्यात."

"गाडीत सांडेल गं."

मंदाने कळशी रिकामीच नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोगऱ्याचं रोप घेऊन बसली. आईच्या नावाच्या कळशीत आईच्या आवडीचा मोगरा! पण कुंडीला भोक हवं, नाहीतर मुळं कुजतात. भावोजी खिळा-हातोडी घेऊन आले.

"नाव आहे गं यावर."

"म्हणून तर लावतेय. पाडा."

एक भोक पाडलं. पाणी नीट निथळतंय का बघायला कळशी भरली. बारीक धार लागली. आता वैशाखात पाणी फुकट कोण घालवतं? विहीर आधीच मचूळ झालेली. मंदाने कळशी खांद्यावर घेतली आणि धार झाडांच्या मुळांशी सोडत वाडीभोवती एक फेरी मारली.

"धार फारच बारीक आहे. अजून एक पाडा."

"मग ठेव खाली."

"खांद्यावरच असू दे. पुन्हा उचलायला माझी कंबर कुठे शिल्लक आहे?"

भावोजींनी मागे उभं राहून खिळा ठोकला. दुसरी फेरी. परत आली, तिसरं भोक. तिसरी फेरी.

लाडकी झावळ्या गोळा करत होती. मंदाकडे वर्षानुवर्षं कामाला येणारी, डोंगराकडच्या पाड्यावरची बाई. ती जागेवरच थांबली. तिच्या हातातल्या झावळ्या खाली पडल्या.

"ताई... कोण गेलाय?"

"कोण जाणार? मोगरा लावतेय."

"तीन भोकं. तीन फेरे. मागून घाव." लाडकीचा आवाज बारीक झाला. "मसणात चितेभोवती असंच करतात ना? खांद्यावर मडकं घेऊन?"

मंदा हसली. म्हणाली, "लाडके, तुझं डोकं उन्हानं फिरलंय."

लाडकी हसली नाही. तिला वाचता येत नाही. तिने बोट दाखवून एवढंच विचारलं, "कुणाचं नाव हाय त्यावर?"

मंदाचं हसू तिथेच राहिलं. मोगरा मात्र लावला.

मग आला तो मंगळवार.

भावोजी बोईसरला गेलेले. लाडकी जेवायला घरी. मंदा ओटीवर लसूण सोलत बसली होती. वाडीत कधीच शांतता नसते. कावळे असतात, शेजारच्या विहिरीवरची मोटर असते, वारा फिरला की झावळ्या एकमेकींवर घासत असतात.

आधी मोटर थांबली.

मग कावळे...

मग वाराही.

आणि त्या शांततेत एक आवाज राहिला.

टप... टप... टप...

मंदाला वाटलं, कळशी गळतेय. पण मोगऱ्याला पाणी घालून तीन तास झाले होते. तिने जाऊन मातीत बोट घातलं. कोरडी ठक्क.

आवाज विहिरीकडून येत होता.

विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. पोपटी लुगडं. पांढरा, सुपारीएवढा अंबाडा.

"आई?"

मावशीने मान वळवली. चेहरा नेहमीचाच. जरासा थकलेला.

मंदाला आधी आनंदच झाला, मग राग आला. "कुणी सोडलं तुला या उन्हात? नीलेश कुठाय?"

"पाणी दे गं."

मंदा धावत गेली. तांब्या भरून आणला. मावशी तो वरून घटाघटा प्यायली.

"अजून."

दुसरा तांब्या. तिसरा.

चौथा आणताना मंदाचं लक्ष खाली गेलं. दगड ओला झाला होता. मावशीच्या पायांखालून पाण्याची बारीक धार निघून मातीत जिरत होती.

एक नव्हे... तीन धारा.

"राहत नाय गं पोटात," मावशी म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. कोड्यात पडल्यासारखी म्हणाली. "कितीबी पी, राहत नाय."

मंदा मागे मागे सरत घरात आली. तिने फोन लावला. रूपलने उचलला.

"आई कुठे आहे?" मंदाने विचारलं.

"कुठे असणार? खाटेवर. बरं झालं ताई, तुम्हीच केलात फोन. तीन दिवस झाले, नुसतं पाणी पाणी चाललंय. पाजलं की गादी ओली. औषधं झाली, डॉक्टर झाला. मी एकटी किती चादरी धुणार?"

मंदाने दारातून पाहिलं. दगडावर कुणी नव्हतं.

दगड ओला होता.

"तिला दे फोन."

खरखर झाली. मग मावशीचा आवाज आला... अगदी हळू.

"आलेले ना गं आताच तुझ्याकडे. तांब्या छान घासलायस हो."

मंदाने मोगरा हाताने उपटला. कळशीतली माती झटकली. कळशी पदरात गुंडाळून बुधवारी सकाळीच पालघर गाठलं. तिथे दामू म्हणून एक म्हातारा आहे, जुनी भांडी सांधून देतो. त्याने कळशी फिरवून पाहिली. भोकांवरून अंगठा फिरवला, मग नावावरून.

"नावाच्या भांड्याला भोक कोण पाडतं, बाय?"

"चुकलं."

"हाय का ही येसूबाई?"

"आहे."

दुसरी सगळी कामं बाजूला ठेवून दामूने तीनही भोकं बुजवली. पैसे घेतले नाहीत. मंदा सांगते, त्याने पैसे घेतले नाहीत याचीच तिला जास्त भीती वाटली.

गुरुवारी तिने कळशी काठोकाठ भरली, वर फडकं बांधलं आणि गाडी करून सफाळ्याला निघाली. वाटभर कळशी मांडीवर होती. एक थेंब गळला नाही.

नीलेश कामावर गेलेला. रूपलने दार उघडलं. मंदा सरळ खाटेपाशी गेली. तिने कळशीतलं पाणी फुलपात्रात घेतलं आणि आईच्या ओठांना लावलं.

मावशी प्यायली. डोळे मिटून थांबली.

मंदा चादरीकडे बघत राहिली.

चादर कोरडी.

"राहिलं गं," मावशी म्हणाली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हसली.

मंदा तिथेच फरशीवर बसून रडली. रूपललाही रडू आलं. दोघींनी मिळून मावशीचे केस विंचरले. मावशी आणखी दोन फुलपात्री प्यायली. मऊ भात खाल्ला. रूपलच्या स्वयंपाकात मीठ कमी असतं, हेसुद्धा सांगून झालं.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती आनंदाने सांगितली असती. खरं तर सांगितलीच नसती.

निघायची वेळ झाली. मावशी म्हणाली, "कळशी उशाशी राहू दे माझ्या."

मंदाने ओट्याकडे पाहिलं. भांड्यांची गोणी अजून तिथेच होती.

"राहू द्या ना ताई," रूपल म्हणाली.

"तुझ्या त्या गोणीत जायला?"

"मी हात लावणार नाही. शपथ."

"शपथा भंगारवाल्याला घाल."

मंदा आजही स्वतःला विचारते की तेव्हा तिच्या अंगात काय शिरलं होतं. काही शिरलं नव्हतं. तीच होती. कळशी हातची जाईल, एवढीच भीती. आईचं पाणी राहिलं होतं, आई हसली होती, मीठ कमी म्हणाली होती. आता काय होणार?

कळशी अर्धी भरलेली होती. गाडीत हिंदकळली असती.

तिने दारातल्या तुळशीत पाणी ओतलं. सगळं. मग कळशी उपडी करून झटकली.

आतून मावशीने हाक मारली. मंदाला ऐकू आली. "आले गं, रविवारी येते," असं म्हणून ती गाडीत बसली.

ती तारापूरला पोचायच्या आधीच नीलेशचा फोन आला.

शुक्रवारी सकाळी मीही होते स्मशानात. हल्ली आमच्याकडे बायका जातात, जरा लांब उभ्या राहतात. म्हणून पुढचं मी कुणाचं ऐकून सांगत नाहीये.

नीलेशने पाण्याने भरलेलं मडकं खांद्यावर घेतलं. मागे गावातले तात्या, हातात दगड घेऊन. पहिली फेरी झाली. तात्यांनी दगड मारला. मडक्याची कपची उडाली, भोक पडलं. स्पष्ट दिसत होतं.

पाणी आलं नाही.

तात्या थबकले. मग म्हणाले, "चल पुढे." दुसरी फेरी. दुसरं भोक.

पाणी आलं नाही.

तिसरी फेरी. तिसरं भोक पडलं. मडक्याला तीन भोकं, आणि पाणी काठाशी होतं तसंच... हलत होतं, पण पडत नव्हतं.

तात्यांनी दगड खाली ठेवला. आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि अगदी हळू विचारलं, "हिचं हे आधीच कुणी केलंय का?"

मंदा माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या हातात होता. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मी फक्त एवढं पाहिलं की तिने खालचा ओठ दातांखाली धरला आणि जमिनीकडे पाहत राहिली.

तिथे बोलली असती तर? तात्यांनी काही उपाय सांगितला असता का? कुणास ठाऊक.

ती बोलली नाही. नीलेशने मडकं तसंच मागे टाकलं. अग्नी दिला. परतताना कुणी वळून पाहिलं नाही.

रूपलने निघताना मंदाला गाठलं. आवाज चढवला नाही. "ताई, तुम्ही गाडीत बसलात ना, तेव्हा आई खाटेवरून अर्ध्या उठल्या होत्या. हात पुढे केला होता. उठणं शक्य नव्हतं त्यांना. पण उठल्या."

त्यानंतर दोघींचं बोलणं नाही.

हे सगळं मंदाने मला या वर्षी, होळीनंतर सांगितलं. मी सहज तिच्याकडे गेले होते. चिकूखालची रांग गेली होती. घंगाळ, बंब, सगळं भंगारवाल्याला परत. कळशीचं काय केलं, ते मी विचारलं नाही. भावोजी आतल्या खोलीत टीव्ही मोठा लावून बसले होते. ते हल्ली दुपारी बाहेर येत नाहीत.

तिचं सांगून झालं. तेराव्याला कीर्तन ठेवलं असतंस, कुणाला विचारलं असतंस, असलं काहीतरी मी बोलत राहिले. ती ऐकतही नव्हती. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

बारा वाजून गेले होते. मी निघायला उठले, दारापर्यंत गेले.

"थांब जरा," मंदा मागून म्हणाली. वैताग नाही, भीती नाही. घरात रोज येणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तशी. "उंबऱ्यातून बाजूला हो. आईला वाट दे."

मी बाहेर पाहिलं. अंगणात ऊन होतं. कुणीही नव्हतं.

मी बाजूला झाले.