सहावी पट्टी

त्याच्याशी मी बोललेले पहिले शब्द होते, "शर्ट काढा."

आता हसू येतं. पण माझं कामच ते. बूढ़ापारा वस्तीत तलावासमोरच्या गल्लीत हृदयाच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथे हिरव्या पडद्याआड मी ईसीजी काढते. दिवसाला वीस-पंचवीस जणांना हेच सांगते आणि कुणाच्या तोंडाकडे बघतही नाही. त्याच्याकडे बघितलं, कारण त्याला बटणंच उघडता येत नव्हती. उरला गावच्या कारखान्याची धूळ बुटांवर तशीच, कपाळावर घाम... आणि डोळ्यांत इतकं भेव की माझा नेहमीचा खेकसणारा आवाज आपोआप खाली आला.

"मी मरून राहिलो ना, मॅडम?"

"मरणारा माणूस स्कूटर स्टँडवर लावून, लॉक करून येत नाही," मी म्हणाले. खिडकीतून मी पाहिलं होतं. "थंड लागेल. हलू नका, बोलू नका."

"हव," तो म्हणाला — आणि बोललो म्हणून लगेच ओठ मिटून घेतले.

छातीवर सहा रबरी फुगे, हातापायांना चार चिमटे. मशीनने कागदाची पट्टी बाहेर टाकली. ठोके जलद होते, बाकी सगळं जिथल्या तिथे. मी वर नाव लिहिलं, अश्विन खोब्रागडे, वय एकोणतीस. पट्टीत काय दिसलं ते आम्ही सांगायचं नसतं, ते डॉक्टरांचं काम. पण त्याने जाताना वळून असं बघितलं की मी हळूच मान हलवली. तेवढ्यानेच त्याचा श्वास सुटला.

दहा दिवसांनी तो पुन्हा आला, सोबत आई, मीराबाई. इको झाला, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धावून झालं, थायरॉइडचं रक्त झालं. सगळं चांगलं. आमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की मनाच्या डॉक्टरांना भेटा. मीराबाईंनी तो कागद पदरात बांधला आणि पडद्यापलीकडे मुलाला दटावलं, "गॅस हाय तुले. डब्यात रोज आलू नेतं. लग्नाच्या पोट्ट्याले पागलच्या डॉक्टरकडे नेलं तर कोण पोरगी देईल?"

पडदा कापडाचा. मला सगळं ऐकू आलं.

मग तिसरी पट्टी, चौथी पट्टी. पट्टी निघाली की त्याला चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा शंका. मला आता तो येण्याची वेळ माहीत झाली होती, पहिली पाळी सुटली की तीन वाजता.

"रविवारी नाही दुखत वाटते छाती तुमची?" मी एकदा चिमटा लावता लावता विचारलं.

"रविवारी दवाखाना बंद राहते ना," तो छताकडे बघत म्हणाला. "दुखवून करू काय?"

मी तोंड फिरवलं. हसू दिसायला नको म्हणून.

त्याच दिवशी त्याने सांगितलं. तो लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. बत्तीस पायऱ्या चढून वर काचेच्या केबिनमध्ये बसायचं, खाली लालभडक सळया. त्याचे वडीलही तिथेच कामाला होते. दीड वर्षापूर्वी ते खाली उभे होते आणि उभ्या उभ्या बसले. हार्ट अटॅक.

"वरून दिसत होतं मले," तो म्हणाला. "माल लटकून होता. तो खाली ठेवल्याशिवाय उतरता येत नाही. बत्तीस पायऱ्या... उतरेपर्यंत बाबा गेले."

वर्ष सरलं आणि एक दिवस त्याच केबिनमध्ये त्याला पहिल्यांदा झालं. धडधड, हातांना मुंग्या, छातीवर दगड, हवा पुरेना. आपलीही पाळी आली असं त्याला वाटलं. तेव्हापासून खांदा दुखतो असं सांगून तो खालीच काम करायचा. साहेबांनी महिन्याची मुदत दिली होती. वर चढ, नाहीतर दुसरीकडे बघ.

आणि माझं काय चाललं होतं? सांगते, लाज वाटली तरी सांगते. तीन वाजले की मी खिडकीतून स्कूटर शोधायची. म्हणजे त्याच्या छातीत दुखावं याचीच मी वाट बघत होते. ज्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पाचव्या पट्टीला मी नियम मोडला. पट्टी त्याच्या हातात दिली.

"पाचही सारख्या आहेत. हृदय चांगलं आहे तुमचं."

"म्हणजे मी नाटक करून राहिलो?" तो उठून बसला.

"असं मी म्हटलं का? त्रास खरा आहे. तुमच्यासारखे हप्त्यात दोन-तीन येतात इथे, सगळे घामानं भिजलेले. मनाच्या आजाराची मशीन माझ्याजवळ नाही, बस एवढंच. ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याकडे काहून जात नाही तुम्ही?"

"आई..."

"आईले बत्तीस पायऱ्या चढायच्या आहेत का?"

तो शर्ट घालून निघून गेला. रागावून, बटणं वरखाली लावून. मला वाटलं, गेला आता.

तीन हप्ते आला नाही. मग एक दिवस आमच्या डॉक्टरांनी माझ्या मशीनवर एक चिठ्ठी चिकटवली. मनाच्या डॉक्टर शर्मिष्ठा मॅडमनी पाठवली होती. अश्विन खोब्रागडे यांना पॅनिकचा विकार आहे, औषध सुरू आहे. तब्येतीत काही नवं दिसलं तर जरूर तपासा, पण केवळ खात्रीसाठी सहा महिने ईसीजी काढू नये.

"काहून?" मी विचारलं.

"घरात चोर नाही, पण कुत्रं भुंकून राहिलं," डॉक्टर म्हणाले. "दर वेळी आपण टॉर्च घेऊन बघायला गेलो, तर त्याला वाटते काहीतरी होतंच. मग जास्त भुंकते."

म्हणजे मीच ती टॉर्च. मीच त्याला तिकडे पाठवलं, आणि आता माझ्याकडे यायचं त्याला काही कारण उरलं नाही. बरं केलंस चेतनाबाई, मी स्वतःला म्हटलं. त्या दिवशी मी सगळ्यांवर खेकसले.

साहेबांनी दिलेला महिना संपायला चार दिवस होते. डिसेंबरचं उबदार ऊन होतं. अडीच वाजता स्कूटर आली, स्टँडवर न लावता भिंतीला टेकवलेली. तो पडद्याच्या आत आला तेव्हा पांढराफटक होता.

"केबिनच्या दारापर्यंत चढलो आज... मग पळून आलो. एकच पट्टी काढा, चेतनाजी. बस, एकच."

आमच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती ऐकली, विचारलं, "नेहमीचंच?" त्याने मान हलवली. डॉक्टरांनी चिठ्ठीकडे बोट केलं आणि बाहेर गेले.

माझा हात मशीनच्या बटणावर होता. दोन मिनिटांचं काम. त्याला लगेच बरं वाटलं असतं, आणि पाचव्या दिवशी तो पुन्हा आला असता. मला तेच तर हवं होतं.

"नाही काढणार," मी म्हणाले.

"मेलो तर?"

"मग मी इथेच आहे. चला बाहेर."

तलावाच्या कठड्यावर आम्ही बसलो, मधे हातभर अंतर ठेवून. तो शर्टाची छाती मुठीत धरून होता. मॅडमनी काय शिकवलं, मी विचारलं.

"पळायचं नाही... तपासायचं नाही. श्वास हळू सोडायचा. येते तसं जाते." आणि मग अगदी बारीक आवाजात, "हात धरता का?"

काय सांगू, किती धरावासा वाटला. पण मग पुढच्या वेळी त्याला माझा हातच लागला असता, पट्टीसारखा. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. घड्याळ बघत राहिले. चार मिनिटं. सात. बाराव्या मिनिटाला त्याची मूठ सैल झाली. अठराव्याला त्याने समोर बघितलं.

"गेलं," तो म्हणाला. आपल्याच बोलण्यावर त्याचा विश्वास बसेना. "पट्टी न काढता गेलं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

"आता धरता का हात?" त्याने विचारलं. "आता काहीच होऊन नाही राहिलं."

मी धरला.

"गोळी वर्षभर तरी चालेल म्हणतात," तो म्हणाला. "नंतर परत येऊही शकते. आई म्हणते ना, कोण पोरगी..."

"ऐकलं मी. माझ्या बाबांची बीपीची गोळी पंधरा वर्षांपासून सुरू आहे, आईनं काही घराबाहेर नाही काढलं. कोण पोरगी देईल ते मले नाही माहीत. पोरगी तयार आहे."

त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "पण आता पट्टी बंद. मी येऊ कसा?"

"काही झालं नसलं, तरी येत जा."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी खिडकीशी नव्हते, मशीन पुसत होते. पडदा सरकला. सगळी बटणं नीट लावलेली, केसांत क्रेनच्या केबिनची काळी धूळ.

"काय होऊन राहिलं?" मी सवयीने विचारलं.

"काही नाही," अश्विन म्हणाला.