चटईवर न थांबणारा फासा

झिंगू चोर मरणार की वाचणार, हे आता एकाच फाशावर होतं, आणि फासा काही केल्या चटईवर थांबत नव्हता.

"परत टाक," सायमा म्हणाली. "चटईबाहेर गेलेला फासा धरत नाहीत."

दिव्यानीने वीस बाजूंचा तो निळा फासा पुन्हा टाकला. तो गडगडत काठापर्यंत गेला, जरा घुटमळला आणि फरशीवरून सरळ भिंतीशी जाऊन टेकला. मघाशीही तिथेच गेला होता.

"तुह्या घराले भूत लागलं वो, दिव्यानी," प्रफुल म्हणाला. "झिंगूले मरू द्यायचं नाई त्याले."

राजुऱ्याजवळच्या कोळशाच्या बंद खदानीला लागून असलेल्या त्या वस्तीत मे महिन्याच्या दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नसे. तिघांनी या सुट्टीत एक खेळ धरला होता. सायमाचा मावसभाऊ सलमान नागपूरला शिकायचा. त्याने झेरॉक्सची काही पानं आणि फाशांची एक पिशवी आणून दिली होती. खेळाला पट नव्हता, पडदा नव्हता. सायमा सूत्रधार. तिच्या डोक्यात एक पडका किल्ला होता, किल्ल्याखाली भुयार, आणि भुयारात काय काय होतं ते फक्त तिलाच ठाऊक. ती समोर काय दिसतं ते सांगायची. आपला माणूस त्यावर काय करतो, ते बाकीच्या दोघांनी सांगायचं. जिथे नक्की सांगता येत नाही तिथे फासा.

सलमान म्हणाला होता, ही जुनी पद्धत आहे. नव्या खेळांत नायक सहसा मरत नाही. यात मरतो, आणि मेला की मेला. प्रफुलचे तीन शूर योद्धे असेच गेले होते. एकाने न बघता पेटी उघडली होती. तेव्हापासून तिघं शहाणी झाली. दगड ओला आहे का, वारा कुठून येतो, असं आधी विचारायचं. पाय टाकण्यापूर्वी काठीने जमीन ठोकायची. तलवारीपेक्षा प्रश्न जास्त कामाला यायचे. प्रफुलने मोबाईल ठेवून दिला होता तो यासाठीच. त्याचं म्हणणं, "मोबाईलमधी बटन नसन तं काही करता येत नाई. इथी तोंड असलं म्हणजे झालं." आणि वर्गात कधी हात वर न करणारी दिव्यानी झिंगू झाली की राजालाही उलट प्रश्न विचारायची.

शेवटी झिंगूचा निवाडा उद्यावर ढकलून तिघं समोरच्या ओळीत प्रफुलच्या घरी गेली. तिथेही फासा चटईवर राहीना. पण तो उलट्या बाजूला, गल्लीकडे पळाला.

प्रफुलने आधी सायमावर संशय घेतला. फासा घासला असशील, म्हणाला. सायमा फुगली. दिव्यानी मात्र कोपऱ्यातल्या फाशाकडे बघत बसली होती.

"भुयारात असं झालं असतं तं आपण काय केलं असतं?" तिने विचारलं.

"जमीन तपासली असती," प्रफुल म्हणाला, आणि त्याने फासा उचलला.

मग पाणी मागायच्या निमित्ताने तिघं घरोघरी फिरली. एकीकडे गप्पा, एकीकडे हळूच फासा खाली. अलीकडच्या घरांतून तो पलीकडे धावायचा, पलीकडच्या घरांतून अलीकडे. दोन्हींच्या मधोमध होतं समाजमंदिर. तिथे कोणत्याही कोपऱ्यातून टाकला तरी फासा मधल्या सतरंजीखाली शिरायचा. त्यांनी सतरंजी उचलली. खाली ताज्या सिमेंटचा पट्टा होता आणि तोही मधे फाटला होता. प्रफुलने खराट्याची काडी आत सोडली. ती पडल्याचा आवाज आला नाही. फटीतून मात्र गार वारा येत होता.

वस्तीखाली खदान आहे, हे सगळ्यांनाच माहीत होतं. कोळसा काढून झाल्यावर आत रेती भरली, असं मोठी माणसं सांगत. भरताना कोणी बघितलं होतं, ते कोणी सांगत नसे.

ती फरशी गुलाबभाऊ ठेकेदाराने केली होती, आणि रविवारी तिथेच त्याच्या पुतण्याचं लग्न होतं. मुलांनी फट दाखवली तर तो हसला. घर म्हटलं का भेगा पडतेच, म्हणाला, आणि सतरंजी ओढून वर पाय रोवून उभा राहिला.

दिव्यानीचं घर समाजमंदिराला खेटून होतं. तिच्या बाबांनी, लटारूभाऊंनी, ते एकेक खोली करत बांधलं होतं. भिंतीला चीर पडली की ते निमूटपणे थापी घेऊन बसत.

"सगळ्यांसमोर सांगितलं तं गल्ली खाली करतीन," दिव्यानी म्हणाली. "आमचं घर जाईन."

"आणि नाई सांगितलं तं?" प्रफुलने विचारलं.

सायमाने फासा दिव्यानीच्या हातात दिला. "भुयारात मी ठरवते. हे मी नाई ठरवू शकत, यार. घर तुझं आहे."

दिव्यानीने घरी जाऊन प्रत्येक खोलीत फासा टाकून पाहिला. एकदा तरी तो दुसरीकडे जावा. नाही गेला. संध्याकाळी ती आईला, नीलाबाईंना, बोलवायला समाजमंदिरात गेली. बाया लग्नाच्या शेवया करत होत्या. लहान पोरं सतरंजीच्या मधोमध पोटावर पडली होती.

"इथी किती थंड लागते, पाहा ना," एक पोरगी तिला म्हणाली.

दिव्यानीने तिला उचलून बाहेर नेलं आणि धावत सायमाचं घर गाठलं. "उद्या सगळ्यांसमोर सांगू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या बैठकीला मोठी माणसं समाजमंदिरात जमली. भेगांचं बोलून काही होणार नव्हतं. ते गुलाबभाऊने कालच हसण्यावारी नेलं होतं. पण त्याला एक खोड होती. पैज म्हटली की त्याला राहवत नसे. दिव्यानी पुढे झाली. तिने मनात झिंगूला पुढे केलं.

"गुलाबभाऊ, हा फासा भिंतीशी थांबवून दाखवा. थांबला तं आम्ही पुन्हा बोलणार नाई."

"लेकरायचा खेळ," गुलाबभाऊ हसला, आणि बाह्या सावरल्या.

फासा दाराकडे गेला, भिंतीला लागला, आणि सावकाश मागे फिरून मधोमध आला. लोक हसले. त्याने जोरात टाकला, पुन्हा तेच. सायमाच्या अब्बूंनी, अयूबचाचांनी, उठून खिडकीजवळून टाकला. कोणी लिंबू सोडलं. लिंबूही तिथेच आलं. आता कोणी हसत नव्हतं. प्रफुलने सतरंजी बाजूला केली. फट कालच्यापेक्षा रुंद झाली होती.

लटारूभाऊंनी फटीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "चला बाहेर," ते एवढंच म्हणाले, आणि सगळ्यांना पुढे घालून शेवटी स्वतः निघाले.

तहसीलचे साहेब लोक आले, दोऱ्या बांधल्या, गल्ली खाली झाली. लग्नाच्या आदल्या दुपारी समाजमंदिर खाली बसलं. फार आवाजही झाला नाही. धूळ उठली, आणि धूळ खाली आली तेव्हा शेजारच्या दिव्यानीच्या घराच्या जागी आभाळ दिसत होतं. आत कोणी नव्हतं.

सगळ्यांना राजुऱ्याच्या एका शाळेत ठेवलं. शाळा सुरू होईपर्यंतच. तिथे मुलांचा सत्कार झाला. साहेबांनी पुष्पगुच्छ दिले, या चिमुकल्यांनी वऱ्हाड वाचवलं म्हणाले. गुलाबभाऊनेही मान खाली घालून टाळ्या वाजवल्या. दिव्यानीने साहेबांना विचारलं, आमचं घर कुठी बांधून देसान? प्रस्ताव पाठवला आहे, असं सांगून साहेबांनी फोटोसाठी तिला मधे उभं केलं.

प्रफुल आजीकडे धानोऱ्याला जाणार होता. अयूबचाचांना सिरोंच्याला काम मिळत होतं. जाण्याआधी एकदा खेळू, म्हणून तिघं वर्गात चटई टाकून बसली. फरशी सपाट होती. फासा पडला तिथेच थांबला. झिंगू वाचला. "पुढे काय दिसते?" प्रफुलने विचारलं. सायमाने डोळे मिटले.

"भुयार दिसत नाई रे," ती म्हणाली. "गल्लीच दिसते."

त्यांनी फासे पिशवीत भरले.

त्या रात्री सामानाच्या गाठोड्यांमधून वाट काढत लटारूभाऊ लेकीजवळ येऊन बसले.

"तू बोलली नसती, तं मी त्या भिंतीले पुन्हा गिलावाच केला असता," ते म्हणाले. "बरं केलं, बाई." त्यांनी तिला पहिल्यांदाच मोठ्या माणसासारखं बाई म्हटलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता.

घर सोडताना लोकांनी भांडी काढली, गाद्या काढल्या, कुलर काढले. लटारूभाऊंनी सागवानी दार काढून आणलं होतं, चौकटीसकट. वर्गाच्या फळ्याला ते टेकवून ठेवलं होतं. रोज सकाळी, अंघोळीच्याही आधी, ते दाराच्या बिजागऱ्यांना तेल द्यायचे आणि दार एकदा उघडून, एकदा लावून बघायचे.