ओ देणारी

आमच्या घरात हाक मारली की ओ द्यावी लागते. 'काय?' चालत नाही, 'हां' चालत नाही, आणि गपचूप उठून जाणं तर मुळीच चालत नाही. हा माझ्या सासूबाईंचा कायदा. एस्तेरबाई मूळच्या राहुरीकडच्या, शेतात वाढलेल्या. तिथे या बांधावरून हाक गेली की त्या बांधावरून ओ यायची आणि पलीकडे माणूस आहे एवढं कळायचं. सावेडीतल्या आमच्या रो-हाऊसमध्ये बांध नाहीत. हॉलमध्ये बसलं की स्वयंपाकघर दिसतं. तरी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं, की ज्या घरात हाकेला ओ येत नाही त्या घरात माणसं नाहीत असं समजायचं. कायदा सगळ्यांना सारखा होता म्हणे. प्रत्यक्षात हाका मारणारे तिघं आणि ओ देणारी मी एकटी, हे लक्षात यायला मला वीस वर्षं लागली आणि वर एक लॉकडाऊन.

दुसऱ्या लाटेतला एप्रिल. नगर पुन्हा कडेकोट बंद झालं होतं. माझा नवरा एडविन एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरचं काम बघतो. त्याने बेडरूम घेतली, कारण त्याच्या मीटिंगा असायच्या. मुलगी आराधना पुण्यात इंजिनीअरिंगला, कॉलेज बंद म्हणून घरी. तिने दुसरी खोली घेतली, कारण तिची लेक्चर्स असायची. सासूबाईंनी हॉल घेतला, कारण टीव्ही तिथे होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलल्यामुळे त्यांना चित्र दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. क्लास मलाही असायचे. मला ओटा मिळाला.

डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवून मी शिकवायचे. कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की माईक बंद करायचे, शिट्टी झाली की पुन्हा चालू. धुण्याभांड्याला येणाऱ्या झुंबरबाईंना येऊ नका असं आमच्याच घराने बहुमताने ठरवलं होतं. भांडी मात्र बहुमताने घासली जात नव्हती. आणि या सगळ्यातून दिवसभर हाका. एडविनला चहा, आराधनाला चार्जर, सासूबाईंचा पंखा एकने कमी, नळाला पाणी आलं का बघ. मी ओ द्यायचे. शिकवताना, दात घासताना, बाथरूममधूनसुद्धा.

त्या सकाळी मी ध्वनीच्या धड्याची उजळणी घेत होते. परीक्षा होणार की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं, तरी उजळणी चालू होती. बेडरूममधून एडविनने हाक मारली, "दीना, चहा." माझं वाक्य अर्ध्यावर होतं, म्हणून मी ओ दिली नाही.

ओ मागच्या बाजूने आली, वॉशिंग मशीन ठेवलंय तिथून. "ओ, आले."

आवाज माझा होता. थकलेला नव्हता, एवढाच फरक. मी बोलत राहिले, कारण बोलत राहायचे मला पैसे मिळतात. तेवढ्यात मोबाईलवर स्नेहल नावाच्या मुलीने लिहिलं, मॅडम, तुमचे दोन आवाज येतायत. मी तिला म्हटलं, नेटवर्कचा दोष आहे. पोरांना सांगायला आपल्याकडे काहीतरी असतंच. पण प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत सतरा मीटर लांब लागते, हे मी नुकतंच त्यांना शिकवलं होतं. आमचं अख्खं घर तेवढं लांब नाही. आणि मी न बोललेलं परत येणार तरी कुठून?

क्लास संपल्यावर मी चहा करून बेडरूममध्ये नेला. एडविनच्या शेजारी रिकामा कप होता. स्क्रीनवरून नजर न उचलता तो म्हणाला, आत्ताच तर दिलास. तो चहा मी ओट्याशी उभी राहून स्वतः प्याले. मला वाटलं, आराधनाने केला असेल. ती माझी नक्कल फार छान करते. तिच्या दारावर टकटक केली, पण तिच्या कानात हेडफोन होते.

मग कामं व्हायला लागली. पाण्याच्या दिवशी मी धडपडत उठले, तर टाकी आणि पिंप दोन्ही भरलेले. रात्रीची भांडी घासून पालथी घातलेली. कपडे वाळत घातलेले, तेही शर्ट उलटे करून, रंग उडू नये म्हणून मी घालते तसेच. मला मनापासून आनंद झाला. माझ्या माणसांना उशिरा का होईना, दिसायला लागलं असं वाटलं. जेवताना मी विचारलं की हे कुणाचं काम. आराधनाने खांदे उडवले. एडविन नुसता हसला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. नवऱ्याने न केलेल्या कामाचं श्रेय घेणं हा काही चमत्कार नव्हे, म्हणून मी फार खोलात गेले नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी शिरा केला.

आमच्याकडे संध्याकाळी घरची प्रार्थना असते. डोळे मिटून बसायचं आणि पाळीपाळीने प्रत्येकाने देवाचे आभार मानायचे. चर्च बंद झाल्यापासून सासूबाईंनी ती जास्तच घट्ट धरली होती. त्या दिवशी केडगावहून माझ्या भावाचा, फिलिपचा फोन आला होता. त्याच्या गल्लीतले एक गृहस्थ गेले होते आणि घरच्यांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. आभार मानण्यासारखं मला काही सापडेना. पाळी फिरत माझ्यापर्यंत आली तेव्हा मी मुद्दाम गप्प बसले.

प्रार्थना झाली. माझ्या आवाजात, माझ्या अगदी जवळून. एडविनच्या नोकरीसाठी आभार, आराधनाच्या अभ्यासासाठी आभार, आईंच्या डोळ्यांना लवकर दिसू दे. दीनासाठी काही मागितलं नव्हतं. मी तरी कधी मागते? सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी डोळे उघडले तेव्हा तिघंही शांत बसले होते, आणि चौथी मी.

"मम्मी, किती छान केलीस आज," आराधना म्हणाली. ती पुण्याहून आल्यापासून मला उद्देशून म्हटलेलं हे तिचं पहिलं चांगलं वाक्य. मला खरं तर भीती वाटायला हवी होती. मला राग आला.

एडविनला मी सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाला, तू दमली आहेस, जरा आराम कर. मग जेवायला काय आहे ते विचारलं.

सासूबाईंना मी सांगणार नव्हते. त्यांनीच विषय काढला. सकाळी त्या हॉलमध्ये बसल्या होत्या, केस चापूनचोपून बसवलेले, तेलाने चमकत होते.

"डोस्क्याला तेल लावलंस, लई बरं वाटलं बाई."

"मी नाही लावलं, आई."

त्या पदराच्या काठावरून बोटं फिरवत राहिल्या. टीव्हीवर आकडे वाचून दाखवणं चालू होतं.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या.

"मग कोण होतं?"

"कोन का असंना. पयल्या हाकंला ओ देती. तू लई उशिरा देतीस, आन् दिलीस तरी कपाळाला आठी घालून देतीस. मला दिसत न्हाई, पन आठी ऐकू येती."

आठी असायची, हे खरं आहे. नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या बाईचं मी वीस वर्षं सगळं केलं, तिला माझं करणं लक्षात नव्हतं आणि माझी आठी लक्षात होती, हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कांदा चिरता चिरता रडले, म्हणजे कुणाला विचारायला नको. तसंही कुणी विचारलं नसतं.

त्या दिवसापासून मी धावायला लागले. हाक पूर्ण व्हायच्या आत ओ द्यायची, असं ठरवलं. माझ्याच घरात, माझ्याच नावाला ओ द्यायला मी शर्यत लावली. कधी मी जिंकायचे. तेव्हा मी चहा घेऊन दारात उभी राहिले, की एडविन वर बघायचा आणि त्याच्या तोंडावरून काहीतरी उतरायचं. दुसरं कुणीतरी येईल असं त्याला वाटलेलं असायचं. तिचा चहा चांगला असणार. लोकांना या रोगात जीव जाईल अशी भीती वाटत होती. मला माझं घर जाईल असं वाटायला लागलं, आणि तेही माझ्याच नावाने.

मग मला ताप आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण डॉक्टर म्हणाले सौम्य आहे, घरीच वेगळं राहा. गच्चीवर आमची एक खोली आहे, जिन्याने वर गेलं की समोरच. जिन्याच्या तळाला दार आहे. मी चार कपडे घेतले आणि वर गेले. एडविनने खालून सांगितलं की काही लागलं तर हाक मार.

ताट वेळेवर यायचं. वरच्या पायरीवर झाकून ठेवलेलं, पोळीची चार पदरी घडी, कोथिंबीर देठांसकट. कोण ठेवून जातं ते बघायला मी दाराशी कान लावून बसायचे आणि तापाने डोळा लागायचा. सुरुवातीला आराधनाचे मेसेज आले, बरी आहेस का वगैरे. मग थांबले. एका सकाळी मी एडविनला फोन केला.

"अगं, फोन कशाला करतेस? मी इथेच आहे, ये ना," तो म्हणाला.

मी म्हटलं, मी वर आहे, मला ताप आहे, मी खाली कशी येऊ. तो हसला. किती दिवसांनी तो असा मोकळा हसला होता.

"ताप कधीच उतरला की तुझा. खाली येऊन आठवडा झाला." मग फोनपासून तोंड बाजूला करून तो कुणाला तरी म्हणाला, "हे बघ, तुझ्या फोनवरून काय येतंय." फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागला नाही.

मी पडून खालचं ऐकत राहायचे. दीना, चहा. ओ, आले. मम्मी, चार्जर. ओ. आणि हसणं. आमच्या घरात हसणं ऐकू यायला लागलं होतं. ते कानावर आलं की उशी डोक्यावर दाबून घ्यायचे.

ताप पूर्ण उतरला त्या दुपारी मी अंघोळ केली, स्वच्छ साडी नेसले, केस विंचरले आणि दार उघडून वरच्या पायरीवर उभी राहिले. एकदम खाली जायचा धीर झाला नाही. मनात म्हटलं, आधी हाक मारावी. कुणीतरी ओ द्यावी, एवढंच. मग मी उतरेन.

"आराधना."

काही नाही.

"एडविन."

काही नाही.

"आई."

टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. म्हणजे ऐकू गेलं होतं. मी थांबले. ओ आली नाही.

या घरात माझ्या हाकेला कुणी कधी ओ दिली होती? मी आठवून पाहिलं. ओ देणारं माणूस या घरात एकच होतं. मी त्यालाच हाक मारली.

"दीना."

"ओ," खालून आलं. "आले."

चपलांचा आवाज जिना चढू लागला. घाई नव्हती, आळस नव्हता. जिथे जिना वळतो तिथे तो थांबला. वळणाच्या अलीकडे मी, पलीकडे ती. भिंतीवर साडीच्या काठाची सावली तेवढी दिसली. काठ माझ्या ओळखीचा होता.

खाली एक दार उघडलं. आराधनाने हेडफोन काढले होते.

"मम्मी, कोण हाक मारतंय?"

मी म्हणणार होते, मी. तोंड उघडलंही होतं.

"कुणी नाही गं," जिन्याच्या वळणावरून माझा आवाज म्हणाला.

मग मी ओरडले. आराधना, आराधना, घसा फाटेपर्यंत. तान्ही होती तेव्हा ती माझ्या हाकेला मान वळवायची. त्याआधी ती दुसरं काहीच करायला शिकली नव्हती.



आणि मग, अगदी हलका, अर्धाच स्वर उमटला. "ओ..."

माझ्या मुलीचा.

"गप," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, पण स्पष्ट होता. "वरनं हाक आली तर कुनी ओ देयाची न्हाई."

ती अर्धी ओ तिथेच राहिली.

चपला आल्या तशा खाली गेल्या. जिन्याच्या तळाचं दार लोटलं गेलं आणि कडी लागली. हळूच, फारसा आवाज न करता, दुपारी घरातली माणसं झोपलेली असतात म्हणून.