आठ परस आणि नऊ परस

पाडव्याच्या सकाळी रामधन दोन वर्षांनी मोठ्या भावाच्या दाराशी आला, पण आत पाऊल टाकलं नाही. भीमसिंग घरात नाहीच अशा आवाजात तो चुलीपाशी बसलेल्या वहिनीला, सुखीबाईला म्हणाला, "भोजाई, तुह्या मालकाले सांग. आज मी दहावा परस घेऊन राह्यलो. दोर धराचा असन त धर म्हना."

भीमसिंग तिच्यापासून दोन हातांवर बसून दात घासत होता. तरी सुखीबाई रीतीप्रमाणे त्याच्याकडे वळली. "आयकलं का? दोर धर म्हनते."

"नाही धरत म्हनून सांग."

"नाही धरत म्हनते," तिनं दाराकडे तोंड करून सांगितलं. दोन भावांतला अबोला चालवण्याचं काम तिच्याकडे होतं, आणि घरातल्या इतर कामांसारखीच त्यालाही सुट्टी नव्हती.

"माह्यावर जयते तो. हे बी सांग."

हे मात्र तिनं सांगितलं नाही. रामधन पाठ फिरवून खाणीकडे निघाला आणि भीमसिंग तोंडातली राखुंडी थुंकायचंही विसरून त्या आखूड, रुंद, लाडक्या पाठीकडे पाहत राहिला... आईच्या माघारी ज्याला खांद्यावर बसवून वाढवलं, तो आज मरायला निघाला होता, आणि तेही वाजतगाजत.

तांड्यामागे चुनखडीची एक जुनी खाण होती. ठेकेदार निघून गेला, खाणीत पाणी भरलं, आणि तळाशी राहिलेल्या सबली-पहारी नि लोखंडी रूळ काढायला तांड्यातली माणसं बुड्या मारू लागली. काही वर्षांनी लोखंड संपलं, बुड्या मात्र राहिल्या. मग त्यांचा दिवाळीच्या पाडव्याला मान ठरला. दोराला दगड बांधून तो पाण्यात सोडायचा. बुडणाऱ्यानं एका दमात दोरादोरानं खाली जायचं, जमेल तिथे आपल्या पागोट्याची चिंधी बांधायची आणि वर यायचं. काठावर दोर ओढून चिंधीपर्यंत मोजायचा. माप विहिरीचंच, परसाचं: हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. हा माणूस कोणता, असा प्रश्न एखाद्या गावाला पडला असता. तांड्याला तो पडला नाही. ज्यानं बुडी मारली त्याच्याच अंगानं त्याचा दोर मोजायचा. दुसऱ्याच्या अंगानं आपला पराक्रम मोजणं हा तिथे उघड अन्याय मानला जाई.

भीमसिंगाला कुठल्याही दारातून वाकूनच जावं लागे. छप्पन साली त्यानं आठ परस गाठले आणि तीन वर्षं त्या आठांना कुणी हात लावू शकलं नाही. मग एकोणसाठ साली रामधननं नऊ गाठले. रामधनचं डोकं भावाच्या काखेपर्यंत पोचे. नगारा वाजला, तांड्याच्या नायकानं तोंड भरून शाबासकी दिली, आणि नऊ परसांच्या माणसालाच मुलगी देईन म्हणून अडून बसलेल्या बापानं आपली जमनी तिथेच काठावर रामधनला देऊन टाकली.

त्या दिवशी दोर भीमसिंगाच्या हातात होता. दोर तोच, छप्पन सालचाच. आपली चिंधी दोराच्या कोणत्या सांध्याशी होती हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं, आणि रामधनची चिंधी त्या सांध्याच्या चांगली वर होती. त्यानं ती मुकाट्यानं नायकाच्या हाती दिली. भावाचं लग्न ठरत असताना सांध्याची गोष्ट कोण काढतो?

पण दुसरी गोष्ट सांध्यापेक्षा भयंकर होती. वर येताना, पाण्याचा थर हातभरच उरला असताना, रामधनचे डोळे पांढरे झाले, हात सुटले आणि तो शांतपणे परत खाली जाऊ लागला. भीमसिंगानं उडी घेऊन केसांना धरून त्याला वर काढलं. काठावरच्यांना वाटलं, भावाला आनंद आवरला नाही. पाण्यातच शुद्धीवर येताच रामधननं पहिला शब्द उच्चारला तो "किती?" त्याला मधलं काहीच आठवत नव्हतं.

पुढच्या वर्षी भीमसिंग म्हणाला, "आता नको जाऊ," आणि दोर धरायला नकार दिला. रामधनला त्यात मत्सर दिसला. त्यानं चूल वेगळी केली. त्या साली आणि त्याच्या पुढच्याही साली दुसऱ्या कुणाच्या हाती दोर द्यायचा त्याला धीर झाला नाही, आणि ही नामुष्कीही त्यानं भावाच्याच नावावर टाकली. त्यानंतर भीमसिंगानं खरं सांगायचं अनेकदा मनात आणलं. पण पराभूत माणसाच्या तोंडून निघालेलं सत्य जळफळाटासारखंच ऐकू येतं, हे कळण्याइतका तो शहाणा होता. तो आतल्या आत जळत राहिला... म्हणजे भाऊ म्हणे तेच तो करत होता, कारण तेवढं वेगळं होतं.

भीमसिंग खाणीवर पोचला तेव्हा रामधन अंगाला तेल लावून, लंगोट कसून तयार होता. या खेपेस दोर सासऱ्याच्या हाती होता. पण नायक फुलसिंगानं बुडी थांबवली होती, कारण यवतमाळहून एक ओव्हरसियर आले होते. दीनानाथ नावाचे हे सरळमार्गी गृहस्थ खाणीचं पाणी मोजायला आले होते. सरकारनं मीटर आणला होता आणि तो जणू त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून वाहून आणला होता, इतकं त्यांचं त्याच्यावर प्रेम होतं. नायकाला दगडावर बुड्यांचे आकडे कोरायचे होते, आणि सरकारनं बंद केलेलं माप दगडावर नको म्हणून त्यानं साहेबांना गळ घातली होती.

"एक परस म्हणजे किती?" दीनानाथांनी विचारलं.

"ज्याचा त्याचा," नायक म्हणाला.

"म्हणजे प्रत्येकाचा वेगळा?"

"मानूस वेगळा त परस वेगळा नाही का राहनार, साहेब?"

दीनानाथ थोडा वेळ दगडावर बसले. मग उठून त्यांनी फीत काढली.

आधी रामधन. तो काठावरच्या पळसाच्या झाडाला पाठ लावून, हात वर करून, श्वास भरून उभा राहिला. दोन मीटर. नऊ परस म्हणजे अठरा मीटर. "आता आठवाले कोण?" साहेबांनी विचारलं.

 हिशेब भीमसिंगाला येत नव्हता, पण आपण सरळ उभे राहिलो की काय होणार हे त्याला दिसत होतं. सासऱ्यासमोर, बायकोसमोर रामधनचा मान जाईल. आणि मान गेलेला रामधन दहावर थांबणार नाही, अकरा गाठायला जाईल, आणि या वेळी केस धरायला हात वेळेवर पोचेल की नाही... तो पळसापाशी गेला. धोतराच्या घोळात त्यानं हळूच गुडघे वाकवले, कोपरं सैल सोडली, खांदे पाडले.

"दोन मीटर दहा," दीनानाथ म्हणाले. "गुणिले आठ... सोळा मीटर ऐंशी. नऊवालेच पुढे."

नगारा वाजला. रामधन ऐटीत पुढे आला, भावासमोर उभा राहिला आणि नजरेनंच काहीतरी लागेल असं बोलणार, तोच थबकला. बुटक्या धाकट्या भावाला एक माप जन्मभर पाठ असतं. भीमसिंगासमोर उभं राहिलं की त्याच्या डोळ्यांपुढे नेहमी भावाच्या छातीवरचा ताईत येई. आज त्याच्या डोळ्यांपुढे हनुवटी होती.

त्यानं खाली पाहिलं. धोतरातून दोन गुडघे पुढे आले होते.

"भिया," त्यानं भावाला हाक मारली. दोन वर्षांत प्रथमच थेट. "गुडघे काहून वाकवले?"

"वय झालं."

"मले येडा समजतं का? सांग, काहून?"

भीमसिंग त्याच्या कानाशी वाकला. मग अगदी हळू, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं तो म्हणाला, "तुले आनखी खोल जाऊ द्याचं नाही म्हनून. नऊ परस करून वर येतानी तुहे डोये पांढरे झालते. खाली चाल्ला होता तू. मी केसाले धरून काढलं."

"मंग मले कायले नाही सांगितलं?"

"जमनीचा बाप काठावर उभा होता न."

रामधननं एकदा खाणीच्या पाण्याकडे पाहिलं. मग सासऱ्याकडे गेला, त्याच्या हातातून दोर घेतला आणि दगडासकट काठावर ओढून टाकला.

"काय झालं जी?" जमनीनं विचारलं. "दहावा परस?"

"नाही होत तो माह्यानं. नववाच होत नव्हता." तिचा बाप तोंड उघडून पाहत राहिला. रामधन ओव्हरसियरांकडे वळला. "साहेब, फीत आना. हा मानूस लबाडीनं उभा होता."

"राहू दे, रामधन," भीमसिंग म्हणाला.

"नीट उभा राय, भिया." त्यानं खाली बसून दोन्ही हातांनी भावाचे गुडघे मागे रेटले. मग कोपरं सरळ करायला गेला तर हात पोचेना. तेव्हा साहेब मघाशी बसले होते तो दगड त्यानं लोटत आणला, त्यावर चढला आणि ती लांब, सैल, लाजलेली कोपरं एकेक करून वर केली.

फीत वर गेली, आणखी वर गेली. दीनानाथ पुटपुटले, "दोन मीटर पंचेचाळीस. आठ परसांचे एकोणीस मीटर साठ."

"मंग मोठे कोनते?" नायकानं विचारलं. "आठ का नऊ?"

"आठ."

नायकानं खांदे पाडले. सरकारनं आता आकड्यांतही हात घातला, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. नगारेवाला कुणासाठी वाजवावं ते न कळून टिपऱ्या घेऊन उभा होता.

दीनानाथांचा स्वतःच्या आकड्यावर विश्वास बसेना, म्हणून ते पुन्हा मोजू लागले. भीमसिंगाचे दोन्ही हात वर होते, ते खाली घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या... त्या पुसायला त्याच्याकडे हातच उरला नव्हता. दगडावर उभ्या रामधननं आपल्या पागोट्याचं टोक सोडलं आणि मोठ्या भावाचं तोंड पुसलं. मग त्याच टोकानं आपलंही.

"हलू नका," दीनानाथ म्हणाले. "फीत हलते."

पण दोघेही हलत होते.